तेवीसपैकी सात

१

अहवालाची पानं चार होती, पण कामाची ओळ एकच. विनीत काशीराम शितप हा कुमारी सानवीचा जन्मदाता पिता असू शकत नाही.

शुभंकरने ती ओळ आधी मनात वाचली, मग मोठ्याने वाचली आणि कागद टेबलावर पालथा ठेवला. तो विधी सेवेच्या यादीतला वकील. रत्नागिरीच्या कोर्टासमोर दीड खोलीत त्याचं ऑफिस होतं. दिवाळी होऊन चार दिवस झाले होते, तरी उकाडा हटायला तयार नव्हता. पंखा फिरत होता, वारा मात्र कुठे जात होता कोण जाणे.

समोरच्या बाकावर दिशा बसली होती. लांज्याजवळच्या वाडीतली, सत्तावीस वर्षांची. तिच्या मांडीला टेकून चार वर्षांची सानवी पेंगत होती.

"म्हणजे मी खोटी ठरले," दिशा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही की फुटला नाही. एसटी चुकल्यावर माणूस बोलतं तसं ती बोलली.

"सोमवारी तारीख आहे," शुभंकर म्हणाला. "लग्नाचा कागद नाही, साक्षीदार नाही. आपला सगळा भरवसा ह्या तपासणीवर होता. साहेब हे वाचतील आणि पाच मिनिटांत अर्ज निकाली काढतील."

"मला त्याचं घर नको, वकीलसाहेब. मी मागितलंय काय? पोरीच्या दाखल्यावर बापाचं नाव. जूनमध्ये शाळेत घालायचंय तिला. मोठी होऊन विचारील तेव्हा मी सांगीन ते खरं आहे, असा एक कागद हवा. तर कागद म्हणतोय, आई खोटारडी."

शुभंकरने कोपऱ्यातल्या खुर्चीकडे पाहिलं. "काकू, तुम्ही एकदा बघता?"

कोपऱ्यात ज्ञानेश्वरी साळवी बसल्या होत्या. बत्तीस वर्षं रक्ताच्या नळ्या हाताळून गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या होत्या. शुभंकर त्यांचा शेजारी. असं काही आलं की तो त्यांना बोलावी आणि दर वेळी त्या ठरवत, हे शेवटचं. गुडघे दुखत होते. त्यांनी चष्मा पुसला आणि शेवटची ओळ सोडून शेवटचं पान उघडलं. तिथे नुसत्या आकड्यांचा तक्ता होता. असलं पान सहसा कोणी वाचत नाही.

त्या पेन्सिलीने खुणा करत गेल्या. एक, दोन, तीन. खाली आल्यावर परत वर गेल्या आणि पुन्हा मोजलं.

"शुभंकर, ह्यांनी रक्तातल्या तेवीस जागा तपासल्यात. प्रत्येक जागी मुलीचे दोन आकडे असतात, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. आईचा बाजूला काढला की उरतो तो बापाचा. तो ह्या माणसाकडे आहे का, एवढंच बघायचं. तीन-चार ठिकाणी नाही सापडला की हा बाप नव्हे."

"आणि इथे?"

"सात ठिकाणी नाही."

"मग झालं की."

"नाही झालं. परका माणूस असता तर चौदा-पंधरा ठिकाणी तरी बिनसलं असतं. नळ्यांची अदलाबदल होऊन भलत्याचंच रक्त तपासलं असतं, तरी तेच दिसलं असतं. इथे सोळा ठिकाणी जुळतंय. रस्त्यावरच्या माणसाचं एवढं जुळत नाही. जवळच्या नात्यातल्याचं जुळतं. मुलगा असता तर बापाच्या घराण्याची आणखी एक तपासणी करता आली असती, मुलीत ती सोय नाही." ज्ञानेश्वरीबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "ज्याचं हे रक्त आहे तो सानवीचा बाप नाही. पण बहुतेक बापाचा सख्खा भाऊ आहे."

"विनीतला एकच भाऊ आहे," शुभंकर सावकाश म्हणाला. "चिराग. मुंबईला असतो."

सानवीच्या केसांवरून फिरणारा दिशाचा हात थांबला.

२

शुभंकर चहा सांगायला म्हणून बाहेर गेला. तो कशासाठी गेला ते दोघींनाही कळलं.

"विचारा मॅडम," दिशा म्हणाली. "गावात सगळ्यांचं विचारून झालंय. तुमचंच राहिलंय."

"चिराग?"

"चिराग शिमग्याला येतो नि गणपतीला येतो. त्यांच्या काजूच्या शेडवर मी चार वर्षं कामाला होते, त्यात माझ्याशी एकदा बोललान. तराजू कुठे ठेवलाय म्हणून विचारलान. मी म्हटलं, दाराआड. एवढंच."

ज्ञानेश्वरीबाईंनी तिच्याकडे पाहिलं. माणसं खोटं बोलतात हे त्यांना ठाऊक होतं. खरं बोलणारी माणसंही घाम पुसतात, नजर चुकवतात, हेही ठाऊक होतं. तोंडावरून निदान करायचं त्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं.

"रक्त घेतलं त्या दिवशी काय काय झालं, सांग."

"बारा ऑगस्ट. आमाला सकाळी अकराला बोलावलेलं. त्यालाही तेवाच. पण तो आला नाय. एसटी चुकली असा निरोप आला. आमचं रक्त घेतलानी नि आमाला सोडलानी. तो दुपारी अडीचला येऊन देऊन गेला म्हणे. बरोबर त्याचा बाबा होता."

रक्त घेताना भरलेल्या अर्जांच्या नकला फाइलमध्ये होत्या. विनीतच्या अर्जावर आधारकार्डाची नक्कल होती आणि एक फोटो. गव्हाळ, रुंद कपाळाचा तरुण. फोटोवर गोल शिक्का असा बसला होता की अर्धा चेहरा जांभळा झाला होता. खाली 'ओळख पटवणार' म्हणून काशीराम शितप यांची सही. तिच्याशेजारी रक्त देणाऱ्याच्या डाव्या अंगठ्याचा ठसा, एकेक रेघ मोजून घ्यावी इतका स्वच्छ. ह्या सगळ्या कामात एवढी एक गोष्ट तरी कोणी नीट केली, असं त्यांच्या मनात आलं.

दिशाच्या अर्जावर मात्र अंगठ्याच्या जागी शाईचा नुसता काळा डाग होता.

"तू अंगठा नीट नाही दिलास."

"तीनदा दिला, मॅडम. आमचा उठत नाय." तिने हात पुढे केला. बोटांच्या टोकांची कातडी गुळगुळीत, काळपट आणि जागोजाग सोललेली. "काजूबी फोडली की टरफलाचं तेल उडतं. राख लावा, खोबरेल लावा, कातडी जातेच. रेशनच्या दुकानात पण मशीन अंगठा घेत नाय. आमची वेगळी रांग असते, अंगठा न उठणाऱ्यांची. मोबाइलवर नंबर येईपर्यंत उभं ऱ्हायचं. त्या रांगेतच तर आमची..."

पुढचं तिने सांगितलं नाही. चहा आला होता.

३

लांज्याला जाणारी एसटी हातखंब्यापासून पालीपर्यंत धूळ खात गेली. रस्त्याचं काम चालू होतं. ते चालू नव्हतं असा काळ ज्ञानेश्वरीबाईंना आठवत नव्हता.

शितपांची शेड रस्त्यापासून थोडी आत होती. पत्र्याचं छप्पर, चार कटर आणि बाहेर वाफवून पसरलेली काजूबी. पहिल्या कटरवर विनीत स्वतः बसला होता. पायाने दांडा दाबायचा, बी फुटली की बोटाने गर काढायचा, टरफल टोपलीत. तो हे न बघता करत होता.

"मी दिशाच्या बाजूने आलेय," ज्ञानेश्वरीबाईंनी आधीच सांगून टाकलं. आडून शिरायची त्यांच्यात ताकद नव्हती.

काशीराम शितप खाटेवरून उठले नाहीत. "आता काय ऱ्हायलंय? कागद आला ना? सरकारी कागद हाय तो. डॉक्टरला आमी पैसे दिलं नाय की दम दिला नाय."

"कागद खरा आहे. त्याबद्दल तक्रार नाही."

"मंग बसा. च्या घ्या आणि जा."

चहा घेऊन आला तो चिराग. धाकटा, पण दोन्ही भाऊ एका साच्यातले. तोच रंग, तेच कपाळ. फरक फक्त मुंबईने घातलेल्या कपड्यांचा होता. तो डोंबिवलीला एसी दुरुस्तीचं काम करत होता. बायको-मुलांसह दिवाळीला आलेला, उद्या संध्याकाळच्या गाडीने परत जाणार.

"तुमच्याकडे बरं असतं, गावाला वरचेवर येता," ज्ञानेश्वरीबाई म्हणाल्या.

"कसलं वरचेवर? सुट्टी कोण देतो? शिमग्यानंतर जो आलो तो डायरेक्ट गणपतीला. आणि आता." त्याचा फोन वाजला. त्याने अंगठा टेकवला, पडदा उघडला आणि तो बोलत बाहेर गेला.

थोड्या वेळाने विनीतच्याही फोनवर काही आलं. त्याने हात फडक्याला पुसले, फोन मांडीवर ठेवला आणि करंगळीच्या नखाने एकेक आकडा दाबत तो उघडला.

"तुमचा अंगठ्याने नाही उघडत?"

"त्याच्याकडे आमचा अंगठा म्हणजे अंगठाच नाय," विनीत म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर किंचित हसू आलं.

"चार दिवस काम बंद ठेवलं तर येत असेल कातडी परत."

"बंद ठेवतो कोण? गणपतीचे पाच दिवस सोडले तर वर्षभर हे चालूच. जुलै-ऑगस्टला तर जास्तीच, पावसात माल खराब होतो म्हणून."

त्या निघाल्या तेव्हा विनीत दारापर्यंत आला. मागे बापाकडे एकदा बघून त्याने हळूच विचारलं, "ती शाळेत जाते का हो?"

"जूनमध्ये घालणार आहेत."

त्याने मान हलवली आणि परत कटरवर जाऊन बसला. दांडा पकडलेल्या त्याच्या डाव्या अंगठ्यावर एकही रेघ नव्हती. ज्ञानेश्वरीबाईंच्या पर्समध्ये एक कागद होता. त्यावर त्याच माणसाच्या नावाने उठलेला अंगठा होता आणि त्याची एकेक रेघ मोजता येत होती.

४

पण शंका म्हणजे पुरावा नव्हे. समोरचा वकील म्हणेल, त्या आठवड्यात विनीत आजारी होता, हात बरे झाले होते. ज्ञानेश्वरीबाई तशाच रेशनच्या दुकानाकडे चालत गेल्या.

दुकान महिला बचत गटाचं होतं आणि गट म्हणजे यमुनाबाई. साठी उलटलेल्या, पुढचे दोन दात पडलेले, गावातल्या प्रत्येक कार्डाची कुंडली पाठ.

"बसा बाय. एवढ्या उन्हाच्या आलात नि त्या शितपाकडचा च्या प्यायलात? पाणी तरी घ्या त्याच्यावर."

"शितपांचं रेशन कोण नेतं, यमुनाबाई?"

"विनीत नेतो. नेतो म्हणजे काय, उभा ऱ्हातो. त्या घरात कुणाचाच अंगठा उठत नाय. बापाचा नाय, पोराचा नाय. म्हातारी होती तिचा पण नव्हता. मोबाइलवर नंबर यायचा, रेंज जायची, परत यायचा. दोन-दोन तास. ती दिशा पण तशीच उभी. मी म्हटलं पण एकदा, तुमाला मशीन घेत नाय तर तुमीच एकमेकांना घ्या." त्या हसल्या आणि मग हसू आवरलं. "माझं तोंड जळो."

"ऑगस्टचं रेशन त्याने कधी नेलं, कळेल?"

यमुनाबाईंनी रबर लावलेले पावत्यांचे गठ्ठे काढले. "तपासणीला येतात नि एकेक मागतात, म्हणून टाकत नाय मी. जुलै. हा बघा, विनीत, अंगठा तीनदा फेल, मग मोबाइलवर. सप्टेंबर, तेच. ऑगस्ट..." त्यांनी पावती डोळ्यांजवळ नेली. "हां, ऑगस्टला पटकन झालं होतं. मुंबईकर आलेला ना. तो घरात असला की त्यालाच पाठवतात. त्याचा अंगठा मशीन एका फटक्यात घेतं. काशीरामच म्हणाला, आलाच हाय तर उद्या जायच्या आत अंगठा देऊन जाऊ दे, म्हणजे पुढचा त्रास नको."

"बघू?"

पावती बोटभर लांब होती. शाई पुसट झाली होती, पण वाचता येत होती. कार्डाचा नंबर. तांदूळ, गहू. अंगठा जुळलेला सदस्य: चिराग काशीराम शितप. तारीख बारा ऑगस्ट, वेळ पाच वाजून बावन्न मिनिटं.

रत्नागिरीत अडीचला रक्त दिलं, तर सहाच्या आत लांज्याला आरामात पोचता येतं.

५

रविवारी संध्याकाळी लांज्याच्या थांब्यावर चिराग सामान घेऊन उभा होता. बायको पोरांना घेऊन समोरच्या दुकानात बिस्किटं घ्यायला गेली होती. ज्ञानेश्वरीबाई त्याच्या शेजारी बाकावर येऊन बसल्या. त्याने ओळखलं आणि मान वळवली.

"पाच मिनिटं," त्या म्हणाल्या. "मी थकलेय आणि तुझी गाडी यायचीय. रक्ताचा कागद सांगतो की रक्त ज्याचं आहे तो त्या मुलीचा काका आहे. नळ्या बदलल्या नाहीत, प्रयोगशाळा चुकली नाही. तेव्हा अर्थ दोनच निघतात. रक्त खरंच विनीतचं असेल, तर मुलगी त्याच्या भावाची. म्हणजे तुझी. आणि मुलगी विनीतची असेल, तर रक्त त्याच्या भावाचं. म्हणजेही तुझंच. कसंही फिरव, ह्या कागदावर तू आहेस."

चिराग दुकानाकडे बघू लागला. समोर त्याच्या बायकोने पोराच्या हातातला चॉकलेटचा पुडा काढून परत ठेवला.

"कुठला अर्थ खरा, ते मला कळलंय. अर्जावरच्या अंगठ्याच्या रेघा मोजता येतात. विनीतच्या अंगठ्याला रेघ नाही, जुलैत नव्हती, सप्टेंबरातही नव्हती. तू म्हणालास, गणपतीपर्यंत आलो नाही. बारा ऑगस्टला पाच बावन्नला तू रेशन घेतलंस. तुझ्या बाबांना रांगेतला त्रास वाचवायचा होता." त्या जराशा थांबल्या. "पण उद्या कोर्टात हा तक्ता वाचला जाईल. तू गप्प राहिलास तर लोक पहिला अर्थ धरतील. तो तुझ्या घरात कळायला वेळ लागणार नाही."

एक ट्रक गेला, त्याची धूळ खाली बसली.

"बाबा म्हणाले, नुसतं रक्त द्यायचंय," चिराग म्हणाला. "विनीतचं लग्न चिपळूणला ठरत होतं. म्हणाले, ह्या भानगडीत मोडेल. मला रजा टाकून बोलावलं. मी म्हटलं, पकडतील. म्हणाले, तुमी दोघं सारखेच दिसता, बापाने ओळखला म्हटल्यावर कोण विचारतोय? आणि खरंच कोणी विचारलं नाय हो. अंगठा दिला तर तिथली बाई म्हणाली, किती छान उठला."

"विनीत?"

"तो त्या दिवशी जेवला नाय. बोलला पण नाय काही. त्याला बोलताच येत नाय बाबांसमोर. मला तरी कुठे आलं?"

चिपळूणची गाडी आली, थांबली, गेली. ती त्याची नव्हती. त्याने खिशातून फोन काढला, अंगठा टेकवला आणि उघडलेल्या पडद्याकडे नुसता बघत राहिला.

"वकिलांचा नंबर द्या," तो म्हणाला. "उद्या थांबतो मी. बायकोला आधी सांगतो, मग थांबतो."

६

सोमवारी अर्ज निकाली निघाला नाही. तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त घ्यायचं ठरलं. या वेळी सगळ्यांचं एका वेळी, एका खोलीत, दोन्ही वकिलांसमोर. काशीरामांवर आणि चिरागवर काय व्हायचं ते वेगळं चालणार होतं. चिपळूणचं आपोआप मोडलं.

विनीत एकटाच आला. खोलीत दिशा होती, मधल्या खुर्चीवर सानवी पाय हलवत बसली होती. दोघं एकमेकांकडे पाहत नव्हती. रक्त काढून झालं, नळ्यांवर चिठ्ठ्या लागल्या. ज्ञानेश्वरीबाईंनी प्रत्येक चिठ्ठी वाचली. बत्तीस वर्षांत त्यांना एवढं कळलं होतं की नळीतलं रक्त खोटं बोलत नाही, खोटं बोलते ती बाहेरची चिठ्ठी.

मग अंगठे. या वेळी तिघांसाठी एकच कागद होता.

दिशाने दिला. काळा डाग. विनीतने दिला. काळा डाग.

"नीट द्या हो," कारकून वैतागला. "हलवू नका. पुन्हा."

पुन्हा डाग. तिसऱ्यांदाही डागच. विनीत ओशाळून अंगठा पँटला पुसू लागला.

"पुसू नको," दिशा कागदाकडेच बघत म्हणाली. "जोर कमी दे. तूच शिकवलं होतंस ना रांगेत."

त्याने जोर कमी दिला. कडेला कुठे एक-दोन रेघा आल्यासारख्या वाटल्या, बाकी काळंच. कारकुनाने हात टेकले आणि 'ठसा अस्पष्ट' असा शेरा दोघांच्या नावांपुढे मारला.

"आता बाळ."

दिशाने सानवीचा अंगठा शाईत बुडवून कागदावर टेकवला आणि उचलला. दोन काळ्या डागांच्या खाली वाटाण्याएवढा एक ठसा उठला होता. सगळ्या रेघा जागच्या जागी.

विनीत वाकून तो बघत होता. बराच वेळ बघत होता.

ज्ञानेश्वरीबाईंनी पर्स उचलली. अहवाल यायला महिना लागणार होता, पण त्यात काय असेल ते ह्या खोलीत आता सगळ्यांनाच ठाऊक होतं. दारापाशी शुभंकर म्हणाला, "काकू, पुढच्या आठवड्यात एक दापोलीचं प्रकरण..."

"गुडघे दुखतायत रे," त्या म्हणाल्या आणि कठडा धरून एकेक पायरी उतरू लागल्या.